एका अभिप्रायाचे प्रकरण : विल्यम हॉवर्ड टॅफ्ट (चौथे) आणि जिनिव्हा करार, २००२

११ जानेवारी २००२ रोजी अफगाणिस्तानात पकडलेले पहिले वीस कैदी क्यूबातील ग्वांतानामो बे येथील अमेरिकी नाविक तळावर विमानातून उतरवण्यात आले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार विल्यम हॉवर्ड टॅफ्ट (चौथे) यांनी न्याय खात्यातील एका वकिलाच्या मसुद्यावर आपला लेखी अभिप्राय पाठवला. त्या कैद्यांना कोणता कायदा लागू होतो, हाच त्या मसुद्याचा विषय होता. कैदी येऊन पोचले होते आणि त्यांच्याविषयीचा कायदा अजून कागदावर ठरायचा होता. पुढच्या चार आठवड्यांत जे घडले, ते सरकारी वकिलाच्या कामाचा अभ्यास करणाऱ्याने बारकाईने पाहावे असे आहे, म्हणून हे प्रकरण येथे सविस्तर मांडले आहे. त्या काळात मोठ्या पदांवर असलेल्या आणि ज्यांचे कागद नंतर सार्वजनिक झाले अशाच व्यक्तींची नावे यात घेतली असून बाकीच्यांचा उल्लेख केवळ पदाने केला आहे.

पार्श्वभूमी

ओहायो राज्यातील टॅफ्ट घराण्यात वकिली आणि राजकारण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. खापरपणजोबा अल्फोन्सो टॅफ्ट हे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळात आधी युद्धमंत्री आणि मग महान्यायवादी होते. पणजोबा विल्यम हॉवर्ड टॅफ्ट १९०९ ते १९१३ या काळात राष्ट्राध्यक्ष होते आणि १९२१ पासून १९३० पर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते; ही दोन्ही पदे भूषवणारी अमेरिकेच्या इतिहासातील ती एकमेव व्यक्ती. आजोबा रॉबर्ट टॅफ्ट हे सेनेटमधील रिपब्लिकन पक्षाचे इतके वजनदार नेते होते की, लोक त्यांना ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत. १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यांत नाझी नेत्यांना शिक्षा झाल्या, तेव्हा गुन्हा घडून गेल्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देणे न्यायाला धरून नाही, असे त्यांनी जाहीर भाषणात सांगितले आणि चहूबाजूंनी टीका ओढवून घेतली. ते मत बरोबर होते की चूक, हा वेगळा विषय आहे. मात्र लोकमत तापलेले असताना कायद्याचा मुद्दा ठामपणे मांडण्याचे उदाहरण या नातवाच्या घरातच होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९४५ साली जन्मलेल्या चौथ्या टॅफ्ट यांनी येल येथून पदवी आणि हार्वर्ड येथून कायद्याचे शिक्षण घेतले. १९६८ च्या उन्हाळ्यात, अजून विद्यार्थी असताना, ग्राहकहक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी केंद्रीय व्यापार आयोगाच्या कारभाराची छाननी करण्यासाठी जमवलेल्या तरुणांच्या पहिल्या गटात ते होते. त्यानंतर ते त्याच आयोगात, पुढे संरक्षणमंत्री झालेल्या कॅस्पर वाइनबर्गर यांच्या हाताखाली काम करू लागले आणि वाइनबर्गर जिकडे गेले, तिकडे बहुतेक वेळा टॅफ्टही गेले. १९८१ मध्ये ते संरक्षण खात्याचे मुख्य वकील झाले, १९८४ मध्ये उपसंरक्षणमंत्री झाले आणि १९८९ च्या सुरुवातीला दोन महिने त्यांनी प्रभारी संरक्षणमंत्री म्हणून खाते सांभाळले. त्यांच्यानंतर ते खाते डिक चेनी यांच्याकडे गेले. पुढे १९९२ पर्यंत ते नाटोमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या काळात ते त्या खात्याचे विधी सल्लागार झाले. पॉवेल आणि ते वाइनबर्गर यांच्या दिवसांपासून एकमेकांना ओळखत होते.

थोडक्यात, सरकारी वकिलाकडे असावे असे जे जे आपण समजतो, ते सारे या माणसाकडे होते. घराण्याचे नाव होते, पक्षात स्थान होते, संरक्षण खात्याचा आतून अनुभव होता, मंत्र्याचा विश्वास होता आणि खुद्द उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांच्याशी जुनी ओळख होती. त्यामुळेच हे प्रकरण बोलके ठरते, कारण यांतले फारसे काही त्या चार आठवड्यांत कामी आले नाही.

पेच

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर प्रशासनात कायद्याचे प्रश्न नेहमीच्या वाटेने सुटेनासे झाले होते. १३ नोव्हेंबरला दहशतवादाच्या संशयितांवर खटले चालवण्यासाठी लष्करी आयोग नेमण्याचा आदेश निघाला, तोही परराष्ट्रमंत्र्यांना विश्वासात न घेता. जानेवारीत दुसरा प्रश्न उभा राहिला. अफगाणिस्तानात पकडलेल्या तालिबान आणि अल कायदाच्या माणसांना १९४९ चा युद्धकैद्यांविषयीचा तिसरा जिनिव्हा करार लागू होतो का?

न्याय खात्याच्या विधी मत कार्यालयाने ९ जानेवारीला ४२ पानांचा मसुदा तयार केला. त्याचा सारांश असा होता : अल कायदा हे राष्ट्र नाही, म्हणून ती कराराची पक्षकार होऊच शकत नाही. अफगाणिस्तान हे मोडून पडलेले राष्ट्र आहे आणि तालिबान हे सरकार नसून एक टोळी आहे, म्हणून राष्ट्राध्यक्षांना तिथल्यापुरता करार बाजूला ठेवता येतो. चारही जिनिव्हा करारांत समान असलेले कलम ३, जे कोणत्याही बंदिवानाला किमान माणुसकीची हमी देते, ते केवळ देशांतर्गत यादवीसाठी आहे, म्हणून तेही इथे लागू नाही.

मसुद्यामागची निकड समजून घेतल्याशिवाय या पेचाला न्याय देता येणार नाही. तीन हजारांच्या आसपास माणसे चार महिन्यांपूर्वी मारली गेली होती आणि पुढचा हल्ला कधी होईल, ही धास्ती खरी होती. युद्धकैद्यावर नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक यापलीकडे काही सांगण्याचे बंधन नसते. चौकशी करणाऱ्यांना ती मर्यादा नको होती. शिवाय १९९६ च्या युद्धगुन्हे कायद्यानुसार जिनिव्हा करारांचा गंभीर भंग हा अमेरिकेतच फौजदारी गुन्हा ठरतो. करार लागूच नाही असे एकदा ठरले, की आपल्या अधिकाऱ्यांवर उद्या खटला भरला जाण्याची भीती कमी होते, ही बाब राष्ट्राध्यक्षांचे वकील अल्बर्टो गोन्झालेस यांच्या नावाने २५ जानेवारीला तयार झालेल्या टिपणीच्या मसुद्यात स्पष्टपणे लिहिलेली आहे. नव्या प्रकारच्या युद्धात करारातील चौकशीवरची बंधने कालबाह्य झाली आहेत, असेही तीत म्हटले होते.

यात कार्यालयांच्या अधिकाराचा एक पेच दडलेला होता. परराष्ट्र खात्याच्या विधी सल्लागाराकडे आंतरराष्ट्रीय करारांचे ज्ञान आणि पन्नास वर्षांचे दप्तर असते, पण संपूर्ण सरकारवर बंधनकारक ठरते ते न्याय खात्याच्या कार्यालयाचे मत. आपल्याकडे मंत्रालयात ज्यांनी नस्ती हाताळली आहे, त्यांना हे चटकन कळेल : विषय ज्याला कळतो तो विभाग एक, आणि ज्याच्या अभिप्रायावर गाडे अडते किंवा सुटते तो विभाग दुसरा.

समोरचे पर्याय

मसुदा हाती आला तेव्हा टॅफ्ट यांच्यापुढे निदान चार वाटा होत्या. पहिली म्हणजे न्याय खात्याचे मत अंतिम मानून गप्प राहणे आणि परराष्ट्र धोरणावर होणारा परिणाम सांभाळण्यापुरते काम करणे. दुसरी, वकिलाने वकिलाशी बोलावे तशी मसुदाकाराशीच लेखी चर्चा करून मसुदा अंतिम होण्यापूर्वी बदलून घेणे. तिसरी, वकिलांचा वाद बाजूला ठेवून थेट पॉवेल यांच्यामार्फत राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाणे. चौथी वाट राजीनाम्याची होती.

एक पाचवी वाटही होती, आणि ती तेव्हा कोणी पुरेशा जोराने मांडलेली दिसत नाही. तिसऱ्या कराराच्या कलम ५ नुसार, पकडलेली व्यक्ती युद्धकैदी आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर सक्षम न्यायमंडळाने तिचा निर्णय करायचा असतो. अमेरिकी लष्कराला हे नवे नव्हते. १९९१ च्या आखाती युद्धात त्याने अशी १,१९६ न्यायमंडळे भरवली होती. म्हणजे करार लागू आहे असे मान्य करूनही प्रत्येक कैद्याला युद्धकैदी ठरवण्याची सक्ती नव्हती. गरज होती ती फक्त प्रत्येकाचा निवाडा करण्याची. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत व्यवहार्य पर्याय हाच होता, कारण त्यात कायदाही राहत होता आणि सैन्याची अडचणही होत नव्हती.

काय केले

टॅफ्ट यांनी दुसरी वाट धरली आणि दोन दिवसांत उत्तर दिले. ११ जानेवारीच्या त्या कागदांतील वरचे पत्र जवळून पाहण्यासारखे आहे. ते मसुदाकाराला पहिल्या नावाने संबोधून, सहकाऱ्याने सहकाऱ्याला लिहावे तसे सुरू होते. पण लगेच त्यात म्हटले आहे की, मसुदा वस्तुस्थितीविषयीच्या ज्या गृहीतकांवर उभा आहे तीही आणि त्यावरचे कायद्याचे विवेचनही गंभीररीत्या सदोष आहे. सोबत जोडलेल्या सविस्तर अभिप्रायात मुख्य चूक दाखवली होती ती ही, की मसुद्यात राष्ट्र आणि सरकार यांची गल्लत झाली आहे. करार राष्ट्र करते. सरकार पडले, बदलले किंवा कोणी मान्य केले नाही, तरी राष्ट्राचे करार विरून जात नाहीत. अफगाणिस्तानाने १९५६ मध्ये जिनिव्हा करारांना मान्यता दिली होती आणि १९९८ च्या ठराव क्रमांक ११९३ द्वारे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तिथल्या सर्व लढणाऱ्या पक्षांना त्या करारांची बंधने लागू असल्याचे सांगितले होते.

त्या पत्रातला आणखी एक मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मागील युद्धांत अमेरिकेने करार न नाकारता हजारोंच्या संख्येने कैदी सांभाळले आहेत. इथे तर मूठभर माणसांचा प्रश्न आहे आणि ते सहज जमेल, असे टॅफ्ट लिहितात. पन्नास वर्षे अखंड पाळलेला शिरस्ता मोडायचा असेल, तर आपल्या युक्तिवादावर पराकोटीचा विश्वास हवा, असेही ते बजावतात. हे माजी उपसंरक्षणमंत्र्याचे बोलणे आहे. सैन्याला काय झेपते हे ठाऊक असलेला माणूसच असे लिहू शकतो.

पण वेळ हातची गेली. १८ जानेवारीला, न्याय खात्याचे मत अंतिम होण्याआधीच, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी करार लागू नसल्याचे ठरवले. १९ तारखेला संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी सेनापतींना तसे कळवले. अंतिम मत २२ जानेवारीला निघाले आणि त्यात मूळ निष्कर्ष कायम होते. विधी सल्लागाराचा आक्षेप योग्य ठिकाणी पोचेपर्यंत निर्णय होऊन गेला होता. आता जे काही करायचे ते वरातीमागून घोडे.

तेव्हा टॅफ्ट आणि पॉवेल तिसऱ्या वाटेकडे वळले. पॉवेल यांनी राष्ट्राध्यक्षांकडे फेरविचार मागितला आणि २६ जानेवारीच्या आपल्या टिपणीत लिहिले की, करार नाकारणे म्हणजे शंभराहून अधिक वर्षांचे धोरण उलटे फिरवणे होय आणि त्यामुळे आपल्याच सैनिकांचे संरक्षण खिळखिळे होईल. २ फेब्रुवारीला टॅफ्ट यांनी गोन्झालेस यांना नवी टिपणी पाठवली. ही पहिलीपेक्षा बरीच आखूड होती आणि तिचा रोखही बदललेला होता. मसुद्याचे दोष मोजत बसण्याऐवजी, करार लागू मानणे हे त्याच्या सरळ शब्दांशी आणि अमेरिकेच्या पन्नास वर्षांच्या वागणुकीशी सुसंगत आहे, एवढे राष्ट्राध्यक्षांना माहीत असावे, असे तिने मांडले. वेगवेगळ्या खात्यांतील वकिलांचे कशावर एकमत आहे आणि कशावर नाही, याचा तक्ताही तिला जोडला होता. निर्णय घेणाऱ्यासाठी लिहिलेला कागद कसा असावा, याचा हा चांगला नमुना आहे. तो तीन आठवडे आधी लिहिला गेला असता, तर काय झाले असते, हा प्रश्न वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

निष्पत्ती

७ फेब्रुवारी २००२ रोजी राष्ट्राध्यक्षांनी अंतिम निर्णय दिला. तालिबानशी चाललेल्या संघर्षाला जिनिव्हा करार लागू असल्याचे मान्य झाले आणि एवढ्यापुरते परराष्ट्र खात्याचे म्हणणे राहिले. पण तालिबानचे सैनिक सरसकट युद्धकैदी नाहीत असे ठरले, अल कायदाला करार लागू नाही हे कायम राहिले आणि समान कलम ३ दोघांनाही नाकारले गेले. कैद्यांना माणुसकीने वागवावे आणि जिथे योग्य असेल तिथे, लष्करी निकडीशी सुसंगत असेल तितपत, कराराच्या तत्त्वांनुसार वागवावे, असे त्या आदेशात म्हटले होते.

या शेवटच्या वाक्याशी मी वारंवार अडतो. ‘लष्करी निकडीशी सुसंगत असेल तितपत’ हे शब्द रम्सफेल्ड यांच्या १९ जानेवारीच्या आदेशातही होते. करार लागू की नाही, यावर सरकारातील मोठमोठे वकील तीन आठवडे झगडले. त्यात एक बाजू थोडी हरली, दुसरी थोडी जिंकली. आणि छावणीतल्या पहारेकऱ्यापर्यंत, चौकशी करणाऱ्यापर्यंत जे शब्द पोचायचे होते, ते त्या झगड्याच्या आधी जसे होते, तसेच नंतरही राहिले. माणुसकीने म्हणजे नेमके कसे आणि निकड आहे हे ठरवणार कोण, हे प्रश्न अनुत्तरित राहिले.

त्यानंतर परराष्ट्र खात्याचे वकील आणखी दूर सारले गेले. १ ऑगस्ट २००२ रोजी न्याय खात्याने छळाच्या व्याख्येवर जे मत दिले, ते तयार होताना त्यांना विचारण्यात आले नाही. ते मत जून २००४ मध्ये फुटले, त्याच महिन्यात मागे घेतले गेले आणि डिसेंबरमध्ये त्याच्या जागी दुसरे आले.

टॅफ्ट पदावर राहिले. ते स्वभावाने बंडखोर नव्हते, हे नोंदवणे आवश्यक आहे. २००३ मध्ये इराकवरील हल्ला सुरक्षा परिषदेच्या ठरावांच्या आधारे कायदेशीर ठरतो, अशी मांडणी त्यांनी एका सहकाऱ्यासह जाहीर लेखात केली. ज्यांना २००२ चे टॅफ्ट आवडतात, त्यांतल्या पुष्कळांना हे रुचणार नाही. पण दोन्ही ठिकाणी ते एकच काम करत होते : कराराचे आणि ठरावाचे शब्द वाचून त्यांतून काय निघते, ते सांगणे. पहिल्या वेळी त्यांचे वाचन मला पटते, दुसऱ्या वेळी पटत नाही.

२००५ मध्ये पदमुक्त झाल्यावर, न्याय खात्याच्या वकिलांनी हा निर्णय घेणे आवश्यक का मानले, याचे आपल्याला आश्चर्य वाटते आणि खेदही होतो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २९ जून २००६ रोजी हमदान विरुद्ध रम्सफेल्ड या, ग्वांतानामोतील एका कैद्याने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, अल कायदाशी चाललेल्या संघर्षालाही समान कलम ३ लागू आहे. आठवडाभरात संरक्षण खात्याने सर्व तळांना त्या कलमाशी आपला कारभार पडताळण्याचा आदेश काढला. तोपर्यंत साडेचार वर्षे लोटली होती. ग्वांतानामोत एकंदर सुमारे ७८० माणसे ठेवली गेली.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू ९ ते ११ जानेवारीचा. दुसऱ्याच्या मसुद्यावर अभिप्राय देणारा नेहमी दुसऱ्याच्या मांडणीत अडकतो. टॅफ्ट यांच्या कार्यालयाने न्याय खात्याच्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर दिले आणि त्यामुळे चर्चा ‘मोडून पडलेले राष्ट्र’ या कल्पनेभोवतीच फिरत राहिली. कलम ५ च्या न्यायमंडळांचा तयार आराखडा, १९९१ च्या आकड्यांसह, त्यांनी स्वतःच्या नावे आधी पुढे केला असता, तर उलट बाजूला त्यावर बोलावे लागले असते. संरक्षण खात्याच्या वर्दीतील वकिलांना तर हा आराखडा परिचयाचाच होता. त्यांना लेखी सोबत घेण्याचा मार्ग टॅफ्ट यांच्याइतका क्वचितच कोणाला मोकळा असेल.

दुसरा बिंदू पत्र कोणाला लिहायचे हा. मसुदाकाराचे मन वळवणे ही वकिलांची सभ्य रीत आहे आणि नेहमीच्या काळात तीच योग्य असते. परंतु नोव्हेंबरच्या आदेशाने स्पष्ट केले होते की, नेहमीचा काळ उरलेला नाही. ज्या सरकारात मंत्र्याला न विचारता आदेश निघतो, तिथे पहिला कागद मसुदाकाराला आणि त्याच दिवशी दुसरा निर्णय घेणाऱ्याला जायला हवा होता. २ फेब्रुवारीची टिपणी ११ जानेवारीला हवी होती. हे आज, सगळ्या तारखा समोर मांडून लिहिणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे.

तिसरा बिंदू म्हणजे ७ फेब्रुवारीनंतरचा. अर्धी बाजू राखली या समाधानात लष्करी निकडीच्या पळवाटेकडे दुर्लक्ष झाले असावे, असे मला वाटते. त्या एका शब्दसमूहासाठी वेगळी लेखी विचारणा व्हायला हवी होती.

राजीनाम्याबद्दल माझे मत वेगळे आहे. फेब्रुवारीत ते निघून गेले असते, तर चार दिवस बातमी झाली असती आणि त्या खुर्चीत कदाचित कोणी निमूट माणूस बसला असता. ते राहिले आणि २००३ मध्ये येल विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराला (प्रोटोकॉल) अमेरिकेने मान्यता दिलेली नाही. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो सेनेटच्या मान्यतेसाठी पुढे नेण्यास नकार दिला, तेव्हा टॅफ्ट उपसंरक्षणमंत्री होते. तरीही, त्या कराराच्या अन्य भागांना अमेरिकेचे मोठे आक्षेप असले तरी त्यातील कलम ७५ हे शत्रूच्या ताब्यातील प्रत्येक माणसाच्या हक्काच्या संरक्षणाचे निवेदन असल्याचे अमेरिका मानते, असे त्यांनी त्या लेखात नमूद केले. खाली लेखकाचे पद होते : परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार. तीन वर्षांनी हमदान खटल्यात चार न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्राच्या भागात तेच वाक्य, टॅफ्ट यांच्या नावासह, सरकारची भूमिका म्हणून उद्धृत केले.